गरम झाली की सेल्फ जड: १९५१ च्या फार्गोच्या प्रकल्प नोंदी

गाडी: फार्गो, एक टनी, १९५१. कुर्ल्याच्या प्रीमियर ऑटोमोबाइल्सच्या कारखान्यात जुळवलेली. डॉज आणि फार्गो ही एकाच ट्रकची दोन नावं, फरक बिल्ल्याचा. इंजिन साइड व्हॉल्व्ह, सहा सिलिंडर, २३० घन इंच म्हणजे सुमारे ३.८ लिटर, पेट्रोल. वीज ६ व्होल्टची आणि अर्थ प्लसला, म्हणजे बॅटरीचा प्लस गाडीच्या लोखंडी सांगाड्याला जोडलेला. सेल्फ, म्हणजे इंजिन फिरवून सुरू करणारी मोटर, पायाने मारायचा: पेडल दाबलं की आधी पिनियन (सेल्फच्या शाफ्टवरचं छोटं दातेरी चाक) इंजिनच्या फ्लायव्हीलच्या दात्यांत बसते, मग सेल्फच्या डोक्यावरचे तांब्याचे कॉन्टॅक्ट जुळतात. आजोबांनी, म्हणजे आबांनी, या गाडीतून सासवडचे अंजीर आणि सीताफळं पुण्याच्या मंडईत आणली. आता ती फुरसुंगीला आमच्या पत्र्याच्या शेडमध्ये असते. तिला पुन्हा रस्त्यावर आणून दोन वर्षं झाली.

१३ एप्रिल, रविवार

दिवे घाट चढून वर थांबलो. ऊन कडक होतं. अण्णांना, म्हणजे माझ्या वडिलांना, खाली मस्तानी तलाव बघायचा होता म्हणून इंजिन बंद केलं आणि पंधरा मिनिटं झाडाखाली बसलो. परत येऊन पेडल दाबलं तर सेल्फ "उं... उं..." करत दोन फेऱ्या फिरला आणि थांबला. पुन्हा दाबलं, एकच फेरी. हेडलाइट लावून पाहिले, उजेड ठीक. म्हणजे बॅटरी बसलेली नव्हती.

शेवटी इंजिन हाताने फिरवायचं हँडल बाहेर काढलं. अण्णा अठ्ठ्याहत्तर वर्षांचे, तरी माझ्या हातावर त्यांची नजर होतीच. "अंगठा बोटांच्या बाजूला ठेव, मुठीत गुंडाळू नको. अन् खालनं वर वढायचं, वरनं खाली दाबायचं नाही." अर्ध्या फेरीत गाडी सुरू झाली. पहिल्याच झटक्याला.

घरी येईपर्यंत तेच डोक्यात होतं. सेल्फने दोन फेऱ्या फिरवून जे होत नाही, ते माझ्या हाताने अर्ध्या फेरीत कसं होतं?

१४ एप्रिल

हँडलने सुरू झाली यातूनच बरंच कळतं, ते आधी लिहून ठेवतो. पेट्रोल पोहोचतंय, म्हणजे पाइपात वाफ धरलेली नाही. वाफ धरली असती तर सेल्फ जोरात फिरला असता आणि गाडी पेटली नसती. टायमिंग फार पुढे असतं तर हँडलने हाताला उलटा झटका दिला असता, तोही नाही. इंजिन आतून आवळत असतं तर हातालाही जड लागलं असतं. आज खात्रीसाठी गाडी अर्धा तास चालवून गरम केली, सहाही प्लग काढले आणि हँडल फिरवलं. थंड असताना जेवढं हलकं तेवढंच.

ठिणगीचंही गणित आहे. सेल्फ बॅटरीला इतका ओढतो की त्या क्षणी कॉइलला सहाऐवजी चार-साडेचार व्होल्टच मिळतात. हँडल मारताना कॉइलला सगळं व्होल्टेज मिळतं, म्हणून पहिल्याच दाबाला पेटते. थोडक्यात, दोष इंजिनात नाही. बॅटरीपासून सेल्फपर्यंतच्या वाटेत किंवा सेल्फमध्ये आहे.

ज्याला सांगावं तो एकच म्हणतो: "बारा व्होल्ट करून टाका." मागच्या वर्षी याच तक्रारीवर एका बॅटरीवाल्याने मला नवी बॅटरी घ्यायला लावली, काही फरक पडला नाही. बारा व्होल्ट करायचं तर कॉइल, बल्ब, हॉर्न, मीटर, डायनॅमो सगळं बदलावं लागेल. सहा व्होल्टच्या सेल्फला बारा दिले तर तो फिरेल झोकात, पण पिनियन फ्लायव्हीलच्या रिंगवर हातोड्यासारखी आदळेल, आणि या गाडीची रिंग शोधणं सोपं नाही.

अण्णांनी यावर एकच विचारलं: "आबा मे महिन्यात मंडईत माल उतरवायचे. गाडी बंद करायचे, पट्टी (विक्रीचा हिशोब) करून घ्यायचे, तासाभरानं पेडल मारून निघायचे. हँडल फक्त थंडीत निघायचं. तवा पण सहाच व्होल्ट होते ना?"

होते. मग तेव्हापासून काय बदललं, हे शोधायचं.

१९ एप्रिल

आज फक्त मोजमाप. एकही नट सोडायचा नाही असं ठरवूनच बसलो.

साधने: मल्टिमीटर, डीसी मोजणारा क्लॅम्प मीटर आणि लांबून तापमान दाखवणारं इन्फ्रारेड थर्मामीटर. क्लॅम्प मीटर मित्राचा. माझ्याकडचा फक्त एसी मोजतो, या कामाला त्याचा उपयोग नाही. घेताना हे बघून घ्यावं.

कॉइलची मधली वायर काढून अर्थला लावली म्हणजे गाडी सुरू होणार नाही. गिअर न्यूट्रल, चाकांना लाकडी ठोकळे. अण्णा पेडलवर, मी खाली. प्रत्येक वेळी पाच सेकंदांच्या वर सेल्फ मारायचा नाही.

गाडी चाळीस मिनिटं चालवून बंद केली तेव्हा सेल्फची बॉडी ६२ अंश होती. दहा मिनिटांनी ८४, वीस मिनिटांनी ९१. बंद केल्यावर ती वाढतच जाते, कारण पंख्याची हवा थांबते आणि एक्झॉस्टची सगळी धग खाली सेल्फवर बसते. घाटावर पंधरा मिनिटं थांबलो तीच सगळ्यात वाईट वेळ होती.

तांबं तापलं की त्याचा रोध दर अंशाला साधारण ०.३९ टक्के वाढतो. ३० वरून ९० अंशांवर गेलं म्हणजे सुमारे २३ टक्के. हा निसर्गाचा नियम आहे, आबांच्या काळातही तो होताच. म्हणून एकट्या उष्णतेवर खापर फोडून चालणार नाही. उष्णता काठावर असलेल्याला ढकलते. काठावर कुणी आणून ठेवलं ते पाहायचं.

गरम असताना, सेल्फ फिरत असतानाचे आकडे:

बॅटरीच्या दोन टर्मिनलांवर ४.९ व्होल्ट. सेल्फचा बोल्ट आणि सेल्फची बॉडी यांच्यामध्ये फक्त ३.७. म्हणजे १.२ व्होल्ट वाटेतच गेले. करंट १९० अँपिअर.

ते १.२ कुठे गेले, हे तुकड्या-तुकड्याने शोधलं. मीटरची एक पिन बॅटरीच्या टर्मिनलवर (क्लॅम्पवर नव्हे, शिशाच्या खुंटीवर) आणि दुसरी केबलच्या पलीकडच्या टोकावर. सेल्फ मारताना मीटर जे दाखवेल तेवढं त्या तुकड्याने खाल्लं. बॅटरी ते सेल्फ केबल ०.३. पायाच्या स्विचचे (सेल्फच्या डोक्यावरचे) कॉन्टॅक्ट ०.३५. आणि अर्थची बाजू, बॅटरीच्या प्लसपासून सेल्फच्या बॉडीपर्यंत, ०.५५.

बारा व्होल्टच्या गाडीत १.२ व्होल्ट म्हणजे दहावा हिस्सा, चालून जातं. सहा व्होल्टमध्ये तोच पाचवा हिस्सा. त्यातून तेवढीच ताकद काढायला सहा व्होल्टला दुप्पट करंट लागतो, म्हणजे त्याच केबलमध्ये घट दुप्पट, आणि ती निम्म्या व्होल्टेजमधून वजा. टक्क्यांत चौपट नुकसान. बारा व्होल्टच्या सवयीची केबल सहा व्होल्टला लावली की हे असं होतं.

आणखी एक गोष्ट, ती मीटरने नाही, हाताने कळली. चार-पाचदा सेल्फ मारल्यावर अण्णा म्हणाले, "चोकची तार गरम लागतीय." मी हात लावला, खरंच. चोकची तार गरम व्हायचं काहीच कारण नाही, तिच्यातून करंट जात असल्याशिवाय.

२० एप्रिल, रविवार

चोकच्या तारेने चोर पकडून दिला.

बॅटरीचा प्लस चॅसीला बोल्टने जोडलेला आहे. इंजिन मात्र रबरी माउंटिंगवर बसतं. म्हणजे चॅसीपासून इंजिनपर्यंत करंट यायला वेगळी जाड पट्टी हवी. ती होती, विणलेली तांब्याची, पण निम्मे धागे तुटून हिरवे पडलेले. आणि चॅसीच्या टोकाला वॉशरखाली अखंड काळा रंग. मग करंट मिळेल ती वाट शोधत होता: चोकची तार, ॲक्सिलरेटरचा रॉड, गिअरबॉक्सची जोडणी.

तो रंग मी मारला होता. दोन वर्षांपूर्वी चॅसी घासून, प्रायमर देऊन, दोन हात काळा रंग. त्याचा मला फार अभिमान होता, आजही आहे. पण बोल्टाखालची रुपयाएवढी जागा कोरी ठेवायला विसरलो. थंड असताना बोल्टाचे आटे कसेबसे करंट नेत होते म्हणून सकाळी कधी तक्रार नव्हती.

अण्णांना सांगितलं. ते म्हणाले, "रंग चांगला दिलायस. तेवढी जागा घास आता."

२३ एप्रिल, बुधवार

खरेदी. अर्धा दिवस पेठांत गेला.

लावलेली केबल २५ चौरस मिलिमीटरची निघाली, सध्याच्या मोटारींना असते तशी. तपकीर गल्लीतून ७० चौरस मिलिमीटरची वेल्डिंग केबल घेतली, तीन मीटर. तिचे धागे बारीक असतात म्हणून जाड असूनही वळते. हिशोब असा: २५ ची एक मीटर केबल २०० अँपिअरला ०.१४ व्होल्ट खाते, ७० ची फक्त ०.०५. घेण्याआधी टोक सोलून चाकूने धागा खरवडून पाहावा. बाजारात तांब्याचा मुलामा दिलेल्या ॲल्युमिनियमची केबल पण मिळते, आतून पांढरी निघाली तर परत द्यावी. दुकानदाराने स्वतःच खरवडून दाखवली.

केबलच्या टोकाला बोल्टासाठी लागणारी थिंबल तांब्याची, कल्हई केलेली, जाड भिंतीची. ती हातोडीने ठोकून बसवायची नाही. त्याच गल्लीत हायड्रॉलिक प्रेसवर दाबून मिळतात, दर थिंबलचे काही रुपये घेतात आणि दोन मिनिटांत होतं. वरून आकसणारी नळी चढवून घेतली.

बुधवार म्हणून जुन्या बाजारात डोकावलो. या गाडीचं काही मिळालं नाही. एक सुंदर पितळी ग्रीसगन मिळाली, ती घेतली.

२६ एप्रिल

केबल बसवल्या. बॅटरीचा प्लस आता थेट इंजिनच्या बेलहाउसिंगच्या (फ्लायव्हीलवरच्या आवरणाच्या) बोल्टला जातो, चॅसीच्या भरवशावर नाही. तिथून दुसरी पट्टी चॅसीला, दिवे-हॉर्नसाठी. प्रत्येक जागा चकचकीत लोखंड दिसेपर्यंत घासली, दातेरी वॉशर टाकला, आवळला आणि मग वरून ग्रीस. आधी ग्रीस नाही.

जाता जाता कॉइलही पाहिली. प्लस अर्थच्या गाडीत कॉइलचा प्लस डिस्ट्रिब्युटरकडे जायला हवा. आमचा उलटा जोडलेला होता. उलट्या कॉइलला ठिणगी पडायला जास्त व्होल्टेज लागतं, तेही नेमकं व्होल्टेज कमी असताना. दोन वायरींची अदलाबदल, एक मिनिट.

थंड गाडीवर सेल्फ असा फिरला की अण्णा शेडच्या दारातून आत बघायला आले.

२७ एप्रिल, रविवार

आज गरम चाचणी. हडपसरपर्यंत जाऊन परत, रहदारीत गाडी चांगली तापली. बंद करून वीस मिनिटं थांबलो.

आधीपेक्षा नक्की बरं. चार-पाच फेऱ्यांत सुरू झाली. पण सकाळचा तो जोर नाही, सेल्फ मध्येच अडखळतो. अर्थची बाजू आता ०.०८, केबल ०.११. स्विच अजून जुनाच, तिथे अर्ध्या व्होल्टाच्या वर.

आणि करंट २९० अँपिअर!

हा आकडा बघून मी बराच वेळ बॉनेटला टेकून उभा होतो. आधी १९० होता तेव्हा सेल्फ हळू फिरत होता कारण त्याला वीजच पोहोचत नव्हती. आता वीज पोहोचतेय, तो भरपूर ओढतोय आणि तरी हवा तेवढा फिरत नाही. करंट कमी आणि फेरे कमी, तर दोष वाटेत. करंट जास्त आणि फेरे कमी, तर सेल्फला आत काहीतरी धरून ठेवतंय. मोटर फिरते तेव्हा स्वतःच उलटं व्होल्टेज तयार करून करंटला आवर घालते. ती अडली की आवर सुटतो.

सेल्फ उतरवायला लागणार. बोल्ट मोजके, पण खालचा एक्झॉस्ट पाइपाच्या मागे.

१ मे

महाराष्ट्र दिनाची सुट्टी. आमचे मिस्त्री सकाळीच आले. ते वयाने अण्णांपेक्षा थोडे लहान, आबांच्या वेळी या गाडीखाली हेल्परी करायचे. मी त्यांना मामा म्हणतो.

सेल्फ टेबलावर घेऊन मामांनी पहिल्यांदा पिनियनकडचं टोक धरून वर-खाली हलवलं. "हे बघ." शाफ्ट त्याला धरणाऱ्या बुशमध्ये उघड हलत होता. उघडल्यावर आर्मेचरच्या (आतल्या फिरत्या भागाच्या) अंगावर एका पट्ट्यात चमकदार घासल्याच्या खुणा, तशाच खुणा आतल्या एका पोल शूवर (त्याभोवतीच्या चुंबकी लोखंडावर). बुश झिजून लंबगोल झालेत, चुंबकाच्या ओढीने आर्मेचर एका बाजूला सरकून पोलला घासतंय. थंड असताना जेमतेम फट उरते, गरम झाल्यावर तीही जाते.

कार्बन, म्हणजे फिरत्या आर्मेचरला करंट देणारे ब्रश, पाहून मामा गप्पच बसले. मग म्हणाले, "हे कुणी घातले?" काळे ठिक्कर, साध्या मोटरचे. सेल्फचे कार्बन तांबेमिश्रित असतात, तांबूस दिसतात. सहा व्होल्टला तर तांब्याचं प्रमाण जास्तच हवं. कुणीतरी घासून मापात बसवले होते.

फील्ड कॉइल ठीक. आर्मेचर आत कुठे शॉर्ट आहे का, हे ग्राउलर नावाच्या यंत्रावर तपासायला देणार.

५ ते ९ मे

आर्मेचर शॉर्ट नाही, हे बरं झालं.

भोसरीतल्या लेथवर ब्रॉन्झचे दोन बुश करून घेतले. शाफ्टवर हलकं पॉलिश, मग त्याच्या मापाला बुश. आधी एक रात्र गरम तेलात बुडवून ठेवले. ज्यावर कार्बन घासतात त्या कम्युटेटरवर एक बारीक कट, आणि त्याच्या तांब्याच्या पट्ट्यांमधला मायका (अभ्रक) मी घरी हॅकसॉच्या पात्याने खाली घेतला. दोन संध्याकाळी त्यात गेल्या. घाई केली तर पातं पट्टीवर घसरतं.

कार्बन नाना पेठेत तिसऱ्या दुकानात मिळाले, ट्रॅक्टरच्या सेल्फचे, थोडे मोठे. पॉलिश पेपरवर घासून बसवले.

१० मे

पायाच्या स्विचचे कॉन्टॅक्ट जळून खड्डे पडलेले. नवे कुठेच नाहीत. कसब्यात तांबट आळीत गेलो. घडवणाऱ्या काकांना जुना तुकडा दाखवला. त्यांनी तो हातात फिरवून विचारलं, "विजेसाठी आहे ना? मग भंगारातलं मिसळलेलं देत नाही, शुद्ध पत्र्याचं देतो." चार मिलिमीटर जाडीची पट्टी कापून दिली आणि ठोकून सपाट करून दिली. समोर हंड्यावर मठारकाम चालू होतं, सगळी आळी त्या आवाजाने भरलेली. भोकं आणि कडा मी घरी कानशीने केल्या. दोन्ही पृष्ठभाग एकमेकांवर पूर्ण टेकतात का, हे शाई लावून पाहिलं.

११ मे, रविवार

सेल्फ चढवला. चढवताना मामांनी पाइपाकडे बोट दाखवलं. दोन वर्षांपूर्वी सायलेन्सरवाल्याकडून नवा पाइप वाकवून घेतला होता, तो सेल्फपासून बोटभर अंतरावरून जातो. "आबांच्या वेळी इथनं माझा हात जायचा." पाइपाचा क्लॅम्प सोडून, थोडा फिरवून, दोन इंच जागा काढली. मध्ये ॲल्युमिनियमच्या पत्र्याचा आडोसा, दोन्हीकडे हवा खेळेल असा. पाइपावर कापडी पट्टी गुंडाळायचा विचार होता. मामा नको म्हणाले, ओल धरून खालचा पाइप खाते. ऐकलं.

१७ मे

अण्णा, मामा आणि मी. दुपारी दीडला निघालो, मुद्दाम. वडकी सोडल्यावर घाट दुसऱ्या गिअरमध्ये. वर त्याच झाडाखाली थांबलो, इंजिन बंद केलं आणि घड्याळ लावलं. वीस मिनिटं कुणाचं बोलण्यात लक्ष नव्हतं.

सेल्फची बॉडी ७४ अंश. मागच्या वेळी ९१ होती.

अण्णा म्हणाले, "मी मारतो." ते स्टिअरिंगवर बसले, चपला काढून पेडलवर पाय ठेवला आणि दाबलं. सेल्फ सरळ, एका दमात फिरला, दुसऱ्या फेरीला गाडी सुरू. त्यांनी ती लगेच बंद केली आणि पुन्हा मारली. मग परत एकदा. तिसऱ्यांदा मामा म्हणाले, "दादा, बास आता, बॅटरीला जरा दम घेऊ द्या." तर ते हसले आणि सासवडपर्यंत गाडी त्यांनीच चालवली.

सासवडला मीटर लावून घेतलेले आकडे: बॅटरीवर ५.१, सेल्फवर ४.८५. वाटेत ०.२५. करंट २१० अँपिअर.

२९ मे

यंदा पाऊस मे महिन्यातच आला. शेडमध्ये ओल आहे, म्हणून अर्थच्या जागा पुन्हा मोजल्या: ०.०६. ग्रीस टिकलंय. चोकची तार थंड.

उरलेलं काम: हळू चालवताना अँमीटर अजून वजा दाखवतो. डायनॅमोचा कटआउट (बॅटरीचा करंट डायनॅमोत उलटा जाऊ न देणारा स्विच) उघडून त्याचे पॉइंट बघायचे. मामा रविवारी येतो म्हणालेत.